जीव वाचला, पुढे काय? आरोग्यमंत्र्यांना एका निवृत्त परिसेविकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण, महाराष्ट्र राज्य,
आणि विभागातले सर्व अधिकारी, ज्यांच्या टेबलावर हे पत्र पोचेल

महोदय,

मी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत नर्स होते. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. शेवटची चौदा वर्षं विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी उपजिल्हा रुग्णालयात गेली, त्यातली बहुतेक कॅज्युअल्टी आणि फीमेल मेडिकल वॉर्डात. गावाचं आणि रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि जे सांगणार आहे ते एकट्या त्या इमारतीत घडतं असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात पेन्शनच्या एका कागदासाठी तिथे गेले होते. ओपीडीच्या टोकाला, एक्स-रेच्या शेजारी एक छोटी खोली आहे. तिथे तीन वर्षं एक समुपदेशक बसायची. कंत्राटी होती. कंत्राट संपलं, पुढचा आदेश आला नाही, ती पुण्याला निघून गेली. खोलीला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं तर आत सलाईनची खोकी पार छतापर्यंत रचलेली. दारावर तिने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेला कागद मात्र तसाच होता: ‘आत या. दार वाजवायची गरज नाही.’ घरी आले आणि त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतलं.

ही खोली मला एवढी का लागली, ते आधी सांगते.

ती समुपदेशक येण्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मुलगी चोवीस वर्षांची होती. (कुणाला ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत.) सप्टेंबरच्या पावसात रात्री दोन वाजता तिला टेम्पोत घालून आणलं. बरोबर दीर, सासू आणि सासूच्या कडेवर दीड वर्षाचं लेकरू. ‘औषध घेतलं जी,’ दीर म्हणाला. आमच्या भागात फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. कृषी केंद्राच्या पाटीवरही तेच लिहिलेलं असतं.

आमच्या लोकांनी शर्थ केली. ड्यूटीवरचे एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, रात्रभर तिच्या बेडजवळून हलले नाहीत. वॉर्डातल्या आया-मावशींनी तिचे ओले कपडे बदलले, केस पुसले. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडून पाणी मागितलं. जीव वाचवण्यात आम्ही कुठे कमी पडलो नाही.

मग जबाब झाले. नायब तहसीलदार येऊन गेले, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस होती म्हणून चौकीवरचे हवालदार येऊन गेले. राऊंडच्या डॉक्टरांनी विचारायचं ते विचारलं. काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता, कुणी त्रास दिला का. सासू पायथ्याशी स्टुलावर बसलेली. मुलगी म्हणाली, ‘चुकून पोटात गेलं.’ हवालदारांनी तेच लिहून घेतलं आणि सही घेतली. बारावी पास होती ती, अक्षर सुरेख होतं.

पाचव्या दिवशी डिस्चार्ज झाला. कार्ड मीच भरलं. ‘सल्ला’च्या रकान्यात ‘हलका आहार’ लिहिलं. ‘फॉलोअप’च्या रकान्यात ‘एसओएस’, म्हणजे गरज पडली तर या. डेंग्यूचे दिवस होते, एकेका बेडवर दोन-दोन पेशंट. चप्पल घालता घालता ती थांबली आणि म्हणाली, ‘बाई, मले अजून दोन दिवस राहू द्या ना.’ मला वाटलं, अशक्तपणामुळे म्हणते आहे. मी म्हटलं, ‘घरी गेलीस की बरं वाटेल. आणि पुन्हा असला वेडेपणा करू नको, पदरात लेकरू आहे.’ तिने मान हलवली.

सात आठवड्यांनी तिला परत आणलं. तेव्हा बेड लागला नाही.

ती का गेली, हे मला आजही माहीत नाही. आत्महत्येमागे एकच एक कारण नसतं, अनेक धागे असतात, एवढं आता कळतं. पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. पाच दिवसांच्या पंधरा ड्यूट्या होतात. त्या पंधरा ड्यूट्यांमध्ये दहा-बारा सिस्टर, तीन-चार डॉक्टर, मावशी, वॉर्डबॉय मामा अशी आम्ही वीसेक माणसं तिच्या बेडपाशी गेलो. ‘अजून मरावंसं वाटतं का गं?’ हे एक वाक्य कुणीही बोललं नाही. मीही नाही. ती तर स्वतःहून सांगत होती की घरी जायचं नाही.

महोदय, आपल्याच दवाखान्यात कुत्रं चावलेला माणूस आला तर त्याला पुढच्या इंजेक्शनच्या तारखांचं कार्ड मिळतं. तिसरा दिवस, सातवा दिवस, सगळं लिहिलेलं. टीबीचा पेशंट गोळ्या घ्यायचा थांबला तर त्याच्या दारात कार्यकर्ता जाऊन उभा राहतो. बाळाच्या लसीची तारीख चुकली तर आशाताई शोधत येते. आणि ज्या माणसाने आठवड्यापूर्वी स्वतःचा जीव संपवायचा प्रयत्न केला, त्याच्या कार्डावर आम्ही ‘हलका आहार’ लिहितो. आधी झालेला प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सगळ्यात मोठी खूण आहे, असं जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे. घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर फारच नाजूक असतात. म्हणजे कुणाला मदतीची गरज आहे, हे शोधायला गावोगाव फिरायचीही गरज नाही. ती माणसं आपणहून आपल्या बेडवर येऊन पडलेली असतात.

आता या सगळ्याला उपाय आहे का? आहे, आणि तो महागडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात आपलं चेन्नईही होतं, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांना घेऊन अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला त्याखेरीज दोनच गोष्टी दिल्या: घरी सोडण्याआधी तासभर शांतपणे बोलणं, आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट, ‘कसे आहात’ म्हणून. दीड वर्षाने पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले २.२ टक्के लोक आत्महत्येने गेलेले होते. दुसऱ्या गटातले ०.२ टक्के. तासभर बोलणं आणि नऊ फोन. यात कुठलं मशीन नाही, कुठलं टेंडर नाही.

हे मला पुस्तकातून आधी कळलं नाही. त्या समुपदेशकामुळे कळलं. वयाने माझ्या मुलीएवढी, पण आल्या आल्या तिने आम्हाला एक गोष्ट शिकवली: थेट विचारायचं. आमच्या सगळ्यांच्या मनात भीती होती की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. ती म्हणाली, असं होत नाही, अभ्यास झालेत यावर. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला वाटतं की कुणीतरी ऐकतंय.

तिच्याच सांगण्यावरून मी पहिल्यांदा विचारलं ते एका शेतकऱ्याला. बावन्न वर्षांचे होते. नाईट ड्यूटी, साडेतीनचा सुमार, वॉर्ड झोपलेला. ते जागे होते. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, ‘भाऊ, अजून मरावंसं वाटते का?’ बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘वाटते जी. पण सकाळी नाही वाटत. रात्री वाटते.’

त्या एका वाक्यावर सगळी पुढची योजना उभी राहिली. दुसऱ्या दिवशी समुपदेशकाने त्यांना, त्यांच्या भावाला आणि पुतण्याला त्या छोट्या खोलीत बसवलं. माझ्यासमोर कागदावर लिहिलं गेलं: रात्री ओसरीत एकट्याने झोपायचं नाही, पुतण्याने शेजारी अंथरूण टाकायचं. फवारणीचं सगळं सामान भावाच्या शेतातल्या खोलीत कुलपात, किल्ली भावाकडे. मन बिनसायला लागलं की आधी काय जाणवतं, तर छातीत धडधड आणि कुणाशी बोलू नये असं वाटणं, हे त्यांनीच सांगितलं. तसं झालं की कुणाला हाक मारायची, तीन नावं. आणि खाली वॉर्डाचा फोन नंबर. तिने तिसऱ्या दिवशी फोन केला, सातव्या दिवशी केला, पंधराव्या दिवशी ते स्वतःच ओपीडीत आले. नंतर जिल्ह्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे गोळ्याही सुरू झाल्या. कर्ज काही फिटलं नव्हतं, कापसाचा भाव काही वाढला नव्हता. पण ते जगले. दर पोळ्याला मला फोन येतो, ‘सिस्टर, बैल सजवले, या पाहायले.’ यंदाही आला.

त्या चोवीस वर्षांच्या मुलीला असा एक तास मिळाला असता तर ती वाचलीच असती, असं मी म्हणू शकत नाही. मिळाला नाही, एवढं मात्र खरं.

आता तक्रारी सांगते. क्रमाने सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला क्रमाने देता येईल.

एक. कायदा झाला, पण तो कॅज्युअल्टीच्या दारातून आत आला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही. आणि त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की अशा माणसाला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देणं, पुन्हा तसा प्रयत्न होण्याचा धोका कमी करणं, हे शासनाचं कर्तव्य आहे. कर्तव्य हा शब्द माझा नाही, कायद्याचा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ उरलंच नाही. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं कलम २२६ आहे, तेवढंच. आपल्या राज्याला तर याचा अभिमान वाटायला हवा, कारण मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ सालीच, एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयात ते टिकलं नाही, हा भाग वेगळा.

पण वॉर्डात काय चित्र आहे? नातेवाईक आजही दारातच विचारतात, ‘पोलीस केस होईल का?’ आणि त्या धास्तीने सांगतात, ‘चुकून घेतलं, पाणी समजून घेतलं.’ आम्हीही तसंच लिहितो, कारण लिहिणं सोपं जातं. एकदा ‘चुकून’ लिहिलं की पुढचे सगळे प्रश्न मिटतात. चुकून घेणाऱ्याला समुपदेशन कशाला? हा प्रयत्न गुन्हा नाही, तुम्हाला मदत मिळेल, असं सांगणारा एक साधा फलक मी माझ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत कधी पाहिला नाही.

दोन. माणूसच नाही. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी. मोठं मनोरुग्णालय म्हणाल तर राज्यात चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तालुक्यातून आम्ही ‘जिल्ह्याला दाखवा’ असं लिहून देतो. जाणार कोण? एसटीचं भाडं दोघांचं, दोघांची मजुरी बुडते, आणि तिथे ओपीडी ठरलेल्या वारी. दहा जणांना रेफर केलं तर किती गेले, हे विचारणारं कुणी नाही. मी काही काळ एका वहीत स्वतःसाठी लिहून ठेवत होते. गेलेल्यांची नावं एका हाताच्या बोटांवर मोजता आली.

पैसा नाही, पदं नाहीत, हे उत्तर मला मान्य नाही. एचआयव्हीसाठी याच राज्याने याच ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत समुपदेशक बसवून दाखवला. आयसीटीसीची, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्राची खोली, गुप्तता, चाचणीआधी बोलणं, चाचणीनंतर बोलणं, सगळं उभं केलं. किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक काढली. शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आणला, आशांना ताणाबद्दल विचारायला शिकवलं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना तयार केलं, आणि नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आपल्या मातीत हे जमतं. आशाताई आहे, सिस्टर आहे, खोली आहे. या सगळ्यांना एका धाग्यात ओवणारा आदेश तेवढा नाही.

तीन. मोजदाद. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यात महाराष्ट्र पहिला, २२,७४६. रोजच्या बासष्ट. हे गेलेल्यांचे आकडे. वाचलेल्यांचा रकाना त्या अहवालात नाही. एका मृत्यूमागे वीसेक प्रयत्न, असा जगभरचा ढोबळ अंदाज धरला तर आपल्या राज्यात वर्षाला साडेचार लाख माणसं होतात. ती कुठल्या तालुक्यातली, कुठल्या वयाची, पुन्हा किती वेळा आली? आमच्या एमएलसी रजिस्टरांत नावं पडून आहेत. वर्ष संपलं की ती रजिस्टरं रेकॉर्ड रूममध्ये जातात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आणलं, २०३० पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण दहा टक्क्यांनी कमी करायचं म्हटलं, आणि तीन वर्षांत नोंदीची पक्की यंत्रणा उभारायची असंही त्यात आहे. ती तीन वर्षं उलटून गेली.

चार. आपलं सगळं लक्ष एकाच चेहऱ्यावर आहे. शेतकरी मेला की तहसीलात फाईल फिरते. सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा, मग पात्र की अपात्र, मग एक लाख रुपये. ती मदत थांबवा असं मी मुळीच म्हणत नाही, ती वाढवा. पण मरणानंतर एवढे कागद तपासणारं शासन, प्रयत्नातून वाचून त्याच तालुक्यात परत गेलेल्या माणसाचा एक कागदही तपासत नाही, याचं मला दुःख आहे. आणि शेतकऱ्यापलीकडे? त्याच २०२२ च्या अहवालात सगळ्यात मोठा गट रोजंदारी मजुरांचा आहे. आत्महत्या केलेल्या स्त्रियांमध्ये निम्म्याहून अधिक गृहिणी आहेत. त्यांची फाईल कुठल्या टेबलावर आहे?

पाच. आमची जीभ. यात मी स्वतःला आधी धरते. नळी टाकताना रडणाऱ्या पोरीला ‘आता कशाला रडतेस?’ म्हणणाऱ्या आम्हीच. कॉलेजची मुलगी हातावरच्या जखमा घेऊन आली की ‘नाटकं आहेत, लक्ष वेधायला करतात’ म्हणणारेही आम्हीच. स्वतःला इजा करणारी प्रत्येक मुलगी मरायला निघालेली नसते, हे खरं. काहींना आतली घालमेल सोसत नाही, ती सांगायला शब्द नसतात. पण म्हणून ते नाटक होत नाही, आणि अशा मुलामुलींना पुढे जिवाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्या जखमेला टाके घालताना आम्ही जे बोलतो ते त्यांच्या लक्षात राहतं. पुढच्या वेळी ती येत नाहीत, लपवतात. ‘ज्याला खरंच मरायचं असतं तो बोलत नाही’ हे तर मी सुशिक्षित डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे. बहुतेकांनी कुणाला ना कुणाला, आडून का होईना, सांगितलेलं असतं. माझ्या पेशंटने मला सांगितलंच होतं.

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या शिक्षणात मानसोपचाराची पोस्टिंग असते. नोकरीला लागल्यावर एकतीस वर्षांत या विषयाचं एकही प्रशिक्षण मला मिळालं नाही. हात धुण्याचं मात्र सहा वेळा मिळालं. तेही हवंच होतं, पण हेही हवं होतं.

सहा. १० सप्टेंबर. दर वर्षी आत्महत्या प्रतिबंध दिनाला फेरी निघते, बॅनर धरून फोटो निघतात. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फार चांगली सोय आहे. आमच्याकडे त्याचं पोस्टर लावलं होतं ते कार्यालयाच्या जिन्यात, जिथे स्टाफशिवाय कुणी जात नाही.

एक गोष्ट आपल्या खात्याबाहेरची आहे, पण मांडते. श्रीलंकेत १९९५ च्या सुमाराला आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी होतं. त्यांनी अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली, आणि दहा वर्षांत प्रमाण निम्म्यावर आलं. पुढे आणखी घटलं. शेती बुडाली नाही. कारण तो विचार लाटेसारखा येतो, पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरतो, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर जगणं-मरणं ठरतं. मला वॉर्डात शुद्धीवर आल्यावर ‘मले वाचवा’ म्हणणारेच जास्त भेटले. कृषी खात्याशी हा विषय आपणच बोलला पाहिजे, कारण त्या बाटल्यांचे पेशंट आपल्याकडे येतात.

आता मागण्या. साध्या आहेत.

राज्यातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयातून, स्वतःला इजा करून आलेला कोणताही पेशंट, त्याच्याशी एकांतात, नातेवाईक बाहेर ठेवून, निदान अर्धा तास बोलल्याशिवाय घरी सोडायचा नाही, असा लेखी आदेश काढा. प्रश्नावली भरून गुण काढा आणि ‘लो रिस्क’ म्हणून सोडून द्या, असं त्याचं रूप होऊ देऊ नका. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की असल्या गुणांवरून पुढचा धोका वर्तवू नये आणि कुणाला मदत द्यायची तेही ठरवू नये. माणसाला विचारायचं आहे: काय झालं, आता काय वाटतं, घरी काय वाट बघतंय, कुणाचा आधार आहे. घरात मारहाण होते का, हेही विचारायचं आहे, आणि होत असेल तर तिला त्याच घरी धाडायचं का याचा विचार करायचा आहे.

डिस्चार्ज कार्डावर कुत्रं चावलेल्याला देतो तशा तारखा छापा. पहिला फोन तीन दिवसांच्या आत, आणि पुढे दीड वर्षभर. पेशंटची संमती घेऊन त्याच्या गावच्या आशाताईला किंवा आरोग्यसेविकेला जोडून द्या. या कामाचा मोबदला आशांना वेगळा द्या, फुकटचं ओझं टाकू नका. गावात बोभाटा होणार नाही, ही काळजी प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवा.

प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात एक समुपदेशक, कायम पदावर. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेल्या मुलीला पेशंट आपलं मन उघडून दाखवतो, आणि बाराव्या महिन्यात खोलीला कुलूप दिसतं. असं करू नका. तोवर निदान दोन सिस्टर आणि एक डॉक्टर प्रत्येक ठिकाणी तयार करा. मी स्वतः शिकवायला येईन, मानधन नको.

कॅज्युअल्टीच्या दारात, नातेवाईक बसतात त्या बाकासमोर, मराठीत मोठ्या अक्षरात फलक लावा: हा गुन्हा नाही, इथे मदत मिळेल, १४४१६. कलम ११५ ची माहिती एमएलसी घेणाऱ्या पोलिसांनाही द्या. गृह खात्याशी एक पत्रव्यवहार, बाकी काही नाही.

आणि एमएलसी रजिस्टरातली नोंद नाव न घेता, फक्त वय, लिंग, तालुका आणि ‘आधी प्रयत्न झाला होता का’ एवढ्या चार गोष्टींसह दर महिन्याला जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून आपल्याकडे येऊ द्या. दर तिमाहीला ती लोकांसमोर ठेवा.

पत्रकार मित्रांनाही एक विनंती. ‘प्रयत्न फसला’ असं लिहू नका, ‘जीव वाचला’ लिहा. पद्धत, जागा, चिठ्ठी यांची वर्णनं छापू नका. पद्धत आणि जागेचं वर्णन टाळा, असं भारतीय प्रेस परिषदेच्या २०१९ च्या सूचनाही सांगतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी रात्री छताकडे बघत पडलेलं असेल तर त्याला सांगते: १४४१६ लावा, किंवा घरातल्या कुणाला उठवा, किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन ड्यूटीवरच्या सिस्टरला ‘मला मरावंसं वाटतंय’ असं सरळ सांगा. ती कामात असेल, कदाचित चिडचिडी असेल, तरी सांगा. आणि शेजारचं कुणी असं बोललं तर उपदेश करू नका, लेकराबाळांची आठवण करून देऊ नका. मी तेच केलं होतं. बसा आणि ऐका, एकटं सोडू नका.

महोदय, मला या पत्राचं उत्तर टपालाने आलं नाही तरी चालेल. आदेश निघाला की मला वॉर्डातून कळेलच. तोवर एक काम या आठवड्यातही होण्यासारखं आहे. त्या खोलीतली खोकी हलवायला दोन मामा आणि एक दुपार पुरेल. किल्ली स्टोअरकीपरकडे आहे, मी विचारून आले.

आपली,
एक निवृत्त परिसेविका